दोराला झोळ हवा

पुणे,
माघ शुद्ध पंचमी

प्रिय चिमणे,

तू पाठवलेला व्हिडिओ काल रात्री मी चार वेळा पाहिला. पहिल्यांदा तापीला पाहिलं, दुसऱ्यांदा तुला, आणि पुढच्या दोन्ही वेळा तुम्हा दोघींमधल्या दोराला. गोठ्यापासून हौदापर्यंत तू तिला नेलंस, पाणी दाखवून परत आणलंस, आणि वाटेत चालताना दोर एकदाही खाली लोंबला नाही. तापीची मान पुढे ओढलेली, पाय मागे राहिलेले, एक कान तुझ्याकडे आणि दुसरा गोठ्यातल्या गाईकडे.

खाली तू एकच ओळ लिहिलीस, "आत्या, हिच्यावर कधी बसू?"

दोन शब्दांत उत्तर देता आलं असतं. पण ते तुला पटलं नसतं, आणि न पटता तू ऐकावंस असं मला वाटत नाही. मनाविरुद्ध पाळलेला नियम घोड्याच्या पहिल्या हट्टालाच मोडतो. म्हणून कागद घेऊन बसले आहे.

आधी तिच्या दातांचं बोलू. सारंगखेड्याच्या यात्रेत व्यापाऱ्यानं तिचा ओठ वर करून दादाला दाखवला आणि 'अदंत' म्हणून सांगितलं, ते तुला आठवत असेल. म्हणजे तिचे दुधाचे दात अजून पडलेले नाहीत. पुढच्या दातांची मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास बदलते, शेजारची साडेतीनला आणि कडेची साडेचारला. तापी आज जेमतेम दोन वर्षांची आहे. उंचीला ती मोठ्या घोडीसारखी दिसते, कारण मारवाडी बछेरी पायांनी लवकर वाढते. हाडं मात्र खालून वर पक्की होत जातात. खुराजवळची आधी, गुडघ्याच्या वरची अडीच वर्षांच्या आसपास, आणि पाठीचे मणके सर्वांत शेवटी, पाच वर्षं उलटल्यावर. म्हणजे तू जिथे बसणार ती जागाच सगळ्यात उशिरा तयार होते.

तू म्हणशील, शर्यतीची घोडी दोन वर्षांचीच धावतात. धावतात, हे खरं आहे. त्यांच्यातली किती लवकर पायांनी निकामी होतात हे मी तबेल्यांच्या मागच्या बाजूनं पाहिलं आहे, आणि तो दाखला मला तुझ्या घोडीसाठी नको. तिच्या हाडांना काम हवंच. चालणं हवं, माळावर मोकळं उधळणं हवं. तुझं वजन एवढ्यात नको. तिला चार दात येतील तेव्हा, थोडा वेळ, अगदी हलकं बसून बघ. तोवर दीड वर्ष जमिनीवरून शिकवायचं आहे. घोडीवर बसण्याची वाट बघण्यात हे दीड वर्ष घालवायचं, असं मनात आणू नकोस. शिकवणं ते हेच. बसणं हा त्याचा अगदी शेवटचा, लहानसा भाग.

आता तुला कधी न सांगितलेली गोष्ट सांगते. दादाला ती अर्धीच माहीत आहे.

मी चोवीस वर्षांची होते. तीन वर्षांचा एक कुमेत घोडा माझ्याकडे आला. मालकाला तो लग्नसराईच्या आत वरातीसाठी तयार हवा होता आणि हातात महिना होता. मी हो म्हटलं. बायकांना घोडं तयार करता येत नाही असं म्हणणारे आजूबाजूला पुष्कळ होते आणि मला त्यांना दाखवून द्यायचं होतं. पहिल्या दिवशी मी त्याला खांबाला आखूड बांधलं आणि दमेपर्यंत झगडू दिलं. चौथ्या दिवशी पाठीवर वाळूची पोती टाकली. नवव्या दिवशी तंग कसून वर बसले. विसाव्या दिवशी तो गल्लीतून मुकाट चालू लागला. लोकांनी शाबासकी दिली. मलाही वाटलं, शिकला.

तो शिकला नव्हता. त्यानं हार मानली होती. बाहेरून दोन्ही अगदी सारखं दिसतं गं, हीच यातली भयंकर गोष्ट आहे. फरक डोळ्यांत असतो आणि मी त्याच्या डोळ्यांकडे पाहिलंच नव्हतं.

एकदा रस्त्याकडेचा सुटलेला कापडी फलक वाऱ्यानं फडफडला आणि तो बुजला. मी चाबूक मारला. फलक पुन्हा फडफडला, मी पुन्हा मारला. त्यानंतर काहीही फडफडलं की तो अंग चोरायचा. वरातीच्या संध्याकाळी मांडवाची कनात सुटली. नवरदेव अजून घोड्यावर चढला नव्हता, एवढंच नशीब. घोडा मागच्या पायांवर उभा राहिला आणि फरशीवर घसरून पडला. पुढचा गुडघा हाडापर्यंत उघडा झाला. जखम भरली, पण पाय आखडला, आणि दोन महिन्यांनी मालकानं त्याला विकलं. टेम्पोत चढवताना मी तिथे होते. एरवी टेम्पोच्या फळीवर घोडी अडतात, पाय रोवतात, फुरफुरतात. हा न अडता चढला. त्याचं ते न अडणं आजही मला झोपेतून उठवतं.

पुढे कित्येक वर्षांनी मी झेनोफनचं पुस्तक वाचलं. हा अथेन्सचा माणूस, सुमारे २,३५० वर्षांपूर्वीचा. सैन्यात राहिलेला, घोड्यांत आयुष्य काढलेला. त्यानं अश्वारोहणावर एक छोटं पुस्तक लिहिलं आहे. बुजलेल्या घोड्याला मारू नये, असं तो बजावतो, कारण वेदना त्या बुजवणाऱ्या वस्तूतूनच आली असं घोडा समजतो. मी पुस्तक मिटून ठेवलं. माझ्या कुमेताचा गुन्हा काय होता, हे माझ्या जन्माच्या दोन हजार वर्षांहून आधी कुणीतरी लिहून ठेवलं होतं. त्याच पुस्तकात तो असंही सांगतो की घोड्याकडे रागात कधी जाऊ नये, आणि शिंगराला गर्दीतून हिंडवावं, तऱ्हेतऱ्हेची दृश्यं आणि आवाज दाखवावेत, भ्यालं तर मायेनं समजवावं. तुझ्या पुढच्या दीड वर्षाचं बरंचसं काम त्यात आलं.

आता कामाचं. व्हिडिओत तू तापीकडे समोरून, सरळ चालत गेलीस आणि कपाळाला हात लावायला गेलीस. तिनं झटकन मान वर घेतली. तुला वाटलं, नखरा करते. घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त कपाळाच्या अगदी समोरचं आणि शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही. म्हणजे तुझा हात तिच्या दृष्टीनं मध्येच नाहीसा झाला. यापुढे खांद्याच्या दिशेनं, थोडी तिरपी चालत जा. हातभर अंतरावर थांब. तिनं मान वळवून तुझा वास घेतला तर घेऊ दे. मग हात लाव तो कपाळाला नको, आयाळ संपते तिथल्या उंचवट्याला. दोन घोडी एकमेकांना दातांनी खाजवतात ती तिथेच. तिथे खाजवलं की हृदयाचे ठोके मंदावतात, हे मोजून पाहिलेलं आहे.

पहिला आठवडा एवढंच कर. दोर नको, मोहरकी नको. खरारा करायचा असेल तर तोही ती स्वतः जवळ येऊन उभी राहील तेव्हाच. बादली पालथी घालून तिच्याजवळ बस आणि तुझा अभ्यास कर. तिला बघू दे की हा प्राणी काही मागायला आलेला नाही. आणि एक गोष्ट बघून मला कळव: तुझ्यासमोर ती आडवी झोपते का? घोडी उभ्यानं डुलकी घेतात, पण गाढ, स्वप्नांची झोप लागायला त्यांना आडवं व्हावं लागतं, आणि राखण करणारं कुणीतरी आहे असं वाटल्याशिवाय ती आडवी होत नाहीत. यात्रेतून येऊन सहा आठवडे झाले, ती कळपातून एकटी आली आहे. म्हणून तर तिचा एक कान सारखा गाईकडे असतो. त्या गाईला तिच्या शेजारीच बांधत जा.

मग दोर. इथे मात्र नीट लक्ष दे.

तिच्या खांद्याशी उभी राहा. दोन बोटं छातीवर ठेव आणि दाब, रुपयाचं नाणं ठेवल्याएवढाच दाब. ती काय करेल? उलट तुझ्या बोटांवर रेलेल. दाबाला दाब देणं हा घोड्याचा स्वभावच आहे, त्यात तिचा काही हट्ट नाही. तू जोर वाढवू नकोस आणि बोटंही काढू नकोस. वाट बघ. ती कान हलवेल, मान वर घेईल, शेपूट झटकेल. बोटं तिथेच. मग एका क्षणी तिचं वजन किंचित मागे जाईल. पाय उचलला जाणार नाही, फक्त वजन सरकेल. त्याच क्षणी बोटं काढ आणि तिथून दोन पावलं बाजूला हो. तिला विचार करू दे. असं तीन वेळा, आणि त्या दिवशी बस.

बोटं दाबल्यानं ती शिकली असं वाटतं. ती शिकते बोटं निघाल्यानं. दाब हा फक्त प्रश्न असतो, उत्तर बरोबर आलं हे तिला तुझ्या सोडण्यातून कळतं. आणि ते क्षणार्धात कळावं लागतं. दोन-तीन सेकंद उशीर केलास तर तोवर तिनं दुसरंच काही केलेलं असतं आणि ती तेच शिकते. तुझा व्हिडिओ पुन्हा बघ. हौदाजवळ तिनं मान उंच झटकली, तू घाबरून हातातला दोर सोडलास. त्या क्षणी तू तिला अगदी पक्कं शिकवलंस, की मान झटकली की सुटका होते. गेले सहा आठवडे ती काही शिकत नाही अशी तुझी तक्रार आहे. ती रोज शिकते आहे, बाई.

माझ्या उस्तादांनी मला हे शिकवलं ते कुमेत गेल्यानंतर. साताऱ्याकडचे होते. लष्करात घोड्यांची नोकरी करून निवृत्त झालेले, पूर्वीच्या पागांमधल्या मोतद्दारांच्या घराण्यातले. मी रडत सगळं सांगितलं. त्यांनी ना समजूत घातली ना बोल लावला. दोराचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि डोळे मिटायला सांगितलं. ते दोर अगदी हलके ओढत, मी पाऊल टाकलं की सैल करत. पंधरा मिनिटांत मी डोळे मिटून त्यांच्या मागे अंगणभर फिरत होते आणि दोर कुठेच ताणलेला नव्हता. मग त्यांनी मुद्दाम एकदा हिसका दिला. माझं सगळं अंग आखडलं. पुढची दहा पावलं मी पुढच्या हिसक्याची वाट बघत चालले. "आता कळलं?" एवढंच ते म्हणाले. मला आयुष्यात कुणी इतक्या थोडक्यात काही शिकवलेलं नाही. दादाला घेऊन तूही हे करून बघ. आधी तू घोडी हो.

दोराचा तो जो खाली लोंबणारा भाग असतो, त्याला ते झोळ म्हणायचे. दोराला झोळ हवा, असं दिवसातून दहा वेळा ऐकवायचे. झोळ असला की घोड्याला चूक करायला आणि चूक सुधारायला जागा मिळते. दोर कायम ताणलेला असेल तर ताण हाच त्याचा नेहमीचा अनुभव होतो, आणि मग कधी विचारलं आणि कधी नाही यातला फरक त्याला कळणार कसा?

हाताला हे जमू लागलं की तुझ्या लक्षात येईल की बोटांचीही गरज उरत नाही. तू खांदा वळवलास की ती वळेल. याचा एक सुरेख दाखला आहे. १९०० च्या सुमारास बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा होता. त्याचा मालक फोन ऑस्टेन हा निवृत्त शिक्षक. हान्स गणितं सोडवतो असं सगळे म्हणत. उत्तर सात असेल तर तो सात वेळा खूर आपटून थांबायचा. जाणत्या माणसांची समिती बसली, तिला लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या अभ्यासकानं चिकाटीनं प्रयोग केले आणि १९०७ मध्ये ते प्रसिद्ध केले. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल, किंवा घोड्याला तो दिसत नसेल, तर हान्सचं उत्तर चुकायचं. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं, अंगातला ताण सुटायचा, आणि घोडा तेवढ्यावर थांबायचा. गंमत म्हणजे हे कळल्यावरही फुंग्स्टला स्वतःची ती हालचाल पुरती थांबवता येत नव्हती.

लोक म्हणाले, घोड्याला गणित येत नव्हतं. मला हान्सचं कौतुक गणितापेक्षा जास्त वाटतं. माणसाच्या डोक्याची केसभर हालचाल तो वाचत होता. तुझ्या गोठ्यात उभी असलेली तापी त्याच जातीची आहे. कॉलेजातून चिडून आलीस, अंगात घाई असली, तर त्या दिवशी तिला शिकवायला जाऊ नकोस. चंदी घाल, पाणी दाखव आणि घरी ये.

दोन महिन्यांनी, उन्हं तापायच्या आत सकाळी, तिला लांब दोरावर गोल फिरवायला सुरुवात कर. याला आपल्याकडे जुना शब्द आहे, कावा. घोड्याला कावा देणं म्हणजे त्याला वर्तुळात फिरवणं. तोच पुढे डावपेच या अर्थानं राहिला, गनिमी काव्यातला. घोडं गोल फिरवत हुलकावणी द्यायची, त्यातून हा अर्थ आला असावा असं मला वाटतं. तापीला दहा मिनिटांहून जास्त कावा देऊ नकोस आणि वर्तुळ मोठं ठेव. लहान वर्तुळात कोवळ्या सांध्यांवर तिरपा भार येतो. दोन्ही अंगांनी फिरव. डाव्या बाजूनं तिला सगळं जमेल आणि उजवीकडे ती जणू काही शिकलीच नाही असं वागेल. रागावू नकोस, उजवीकडून पुन्हा पहिल्यापासून सुरू कर. दमवण्यासाठी तर कधीच फिरवू नकोस. दमलेलं घोडं आणि शांत घोडं यांची गल्लत मी एकदा करून बसले आहे. तू फक्त हे बघायचं की तिचा आतला कान तुझ्याकडे वळतो का, मान खाली येते का, नाकपुड्यांतून लांब श्वास सुटतो का. ती ओठ चाटेल, जबडा हलवेल. ताण उतरल्याची ती खूण असते. लगेच 'कळलं तिला' म्हणून पुढचं काम काढू नकोस.

गोल फिरण्यावरून आणखी एक सांगायचं राहवत नाही. तुर्कस्तानात बोगाझकोय इथे हित्ती लोकांच्या राजधानीच्या अवशेषांत मातीच्या पाट्या सापडल्या. त्यांत मितन्नी देशाचा किक्कुली नावाचा अश्वशिक्षक रथाची घोडी महिनोन्‌महिने कशी तयार करायची ते दिवसागणिक सांगतो. किती चालवायचं, कधी पाणी, कधी वैरण, कधी न्हाऊ घालायचं. सुमारे ३,४०० वर्षांपूर्वीचा मजकूर. भाषा हित्ती, पण फेऱ्यांसाठी त्यानं वापरलेले शब्द ऐक: ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न. एक, तीन, पाच आणि सात फेऱ्या. इतक्या दूर, इतक्या जुन्या तबेल्यात कुणीतरी आपल्याला ओळखीच्या आकड्यांत घोड्याच्या फेऱ्या मोजत होतं, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. वर्तन म्हणजे वळण, फेरी. आज आपण वागणुकीला वर्तन म्हणतो. एकाच वर्तुळातून एका शब्दानं कपटाची वाट धरली आणि दुसऱ्यानं वागणुकीची. मी तापीला दोर लावून मधोमध उभी असते तर मला हे दोन्ही शब्द आठवले असते.

बुजण्याचं आता. तुमच्याकडे उसाच्या ट्रॉल्या मोठमोठ्यानं गाणी वाजवत जातात. होळीला अजून चाळीस दिवस आहेत, पण सातपुड्यातले ढोल त्याआधीच ऐकू येऊ लागतील. तिला एकदम रस्त्याकडेला नेऊन उभी करू नकोस. शेताच्या दुसऱ्या टोकाला घेऊन जा, जिथून ट्रॉली दिसते पण तिचे पाय अजून मोकळे आहेत. ती मान ताणून, कान टवकारून बघेल. बघू दे. तिनं मान खाली घालून गवताचा घास घेतला की तिथूनच परत फिर. दुसऱ्या दिवशी दहा पावलं पुढे. छत्री, ताडपत्री, प्लास्टिकची पिशवी, सगळं असंच. वस्तू तिच्याकडे नेण्यापेक्षा वस्तू घेऊन तू तिच्यापुढे चालत दूर जा. आपल्यापासून लांब जाणाऱ्या गोष्टीच्या मागे जावंसं घोड्याला वाटतं. फडफडणारी पिशवी हातात धरून तू पुढे आणि ती मागून हुंगत येते आहे, असा एक दिवस येईल, तेव्हा मला रात्री कितीही वाजता फोन कर.

हे सगळं पुस्तकातून आलेलं नाही, हे तुला पटावं म्हणून सांगते. बारामती-फलटणच्या बाजूला धनगरांचे वाडे चालताना मी कितीदा पाहिले आहेत. पावसाळा सरला की मेंढरं कोकणाकडे निघतात, आणि घोडीच्या पाठीवर अख्खं बिऱ्हाड असतं. पाल, भांडी, नवजात कोकरं, वर कोंबड्या, कधी एखादं लहान पोर. भीमथडीची ठेंगणी, काटक घोडी. शिवकाळापासून नावाजलेली ही जात कितीतरी काळ विस्मरणात होती, आता कुठे देशी जातींच्या सरकारी नोंदीत तिचं नाव आलं. एका मुक्कामावर मी पाहिलं, बाई सामान लादत होत्या. बाजूनं ट्रक गेले, कुत्री भुंकली, कोंबडी फडफडली. घोडीनं फक्त मागचा पाय बदलला. मी विचारलं, हिला शिकवली कुणी? बाई माझ्याकडे बघत राहिल्या, मग घोडीमागच्या शिंगराकडे बोट दाखवलं. जन्मल्यापासून ते आईच्या मागे त्याच रस्त्यानं चालत होतं. तापीला आई नाही, रस्ता नाही. दोन्ही तुलाच व्हायचं आहे.

दादाशी माझं एका गोष्टीवरून वाजणार आहे. त्यानं बाजारातून लगाम आणला आहे, फोटोत मला त्याचे दाते दिसले. काटेरी लगामाला कायद्यानं बंदी आहे, ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांत तसं स्पष्ट आहे, आणि तरी तो उघड विकला जातो. वरातीच्या कितीतरी घोड्यांची जीभ मी फाटलेली पाहिली आहे. तो लगाम पुरून टाक. भंगारात देऊ नकोस, कुणीतरी उचलून नेईल. तापीच्या तोंडात या वर्षी काहीच घालायचं नाही.

पाय उचलायला शिकव, हे विसरतील सगळे. नालबंद यायच्या आधी महिनाभर रोज. खांद्यापासून हात खाली सरकवत ने, खुराच्या वर हलकेच चिमटीत धर, वजन सुटलं की लगेच सोड. आधी उचलायचाही नाही. मग क्षणभर. मग दहा आकडे. पाय हीच घोड्याची पळून जायची एकमेव सोय आहे. ती तुझ्या हातात देताना तिला किती धीर करावा लागत असेल याचा विचार कर, मग तुझा हात आपोआप हळू होईल.

तू लहान असताना विराटपर्वाची गोष्ट सांगायला लावायचीस. पांडव अज्ञातवासात आपापली नावं बदलतात. तुला अर्जुनाची बृहन्नडा आवडायची आणि मी नेहमी नकुलाशी अडून राहायचे. ग्रंथिक नाव घेऊन तो विराटाच्या तबेल्यात राहतो. सगळं राज्य गेलेलं, बायको दासी झालेली, आणि हा वर्षभर दुसऱ्याची घोडी सांभाळतो. त्या वर्षात त्यानं रोज काय केलं असेल, याबद्दल गोष्टीत फारसं काही नाही, कारण सांगण्यासारखं काही घडतच नाही. सकाळी खरारा, दुपारी पाणी, संध्याकाळी एखाद्या बुजऱ्या शिंगराशेजारी नुसतं उभं राहणं. तुझंही हे वर्ष तसंच जाणार आहे. मैत्रिणी विचारतील, अजून बसली नाहीस? सांग, नाही.

होळी झाली की मी येते. जीन आणणार नाही. उस्तादांचा सुती दोर माझ्याकडे आहे, धुऊन धुऊन रुमालासारखा मऊ झालेला, तो आणेन. नायलॉनचा तुझा निळा दोर काढून टाक, तो हात कापतो, म्हणून तू त्याला घट्ट धरतेस.

बिनदोराचा तो पहिला आठवडा सरला की रविवारी पुन्हा तोच व्हिडिओ पाठव. गोठा ते हौद, हौद ते गोठा. तापी किती चालली ते मी पाहणार नाही. ती चार पावलांवर थांबली तरी चालेल. तूही तिच्याबरोबर थांब, हात खाली सोड, आणि दोराचा झोळ गवताला टेकतो का तेवढं कॅमेऱ्यात येऊ दे.

आयाळ संपते तिथे, माझ्या नावानं, तिला थोडं खाजव.

तुझी,
आत्या